मंत्र्यांच्या कानाशी

११ सप्टेंबर २००१, मंगळवार. लंडनच्या घड्याळात दुपारचे पावणेदोन झाले होते तेव्हा न्यूयॉर्कच्या पहिल्या मनोऱ्यावर विमान आदळले आणि दोन वाजून तीन मिनिटांनी दुसऱ्यावर. सारे जग दूरचित्रवाणीसमोर खिळून बसले होते. ब्रिटिश सरकारच्या एका खात्यात मात्र वेगळाच विचार सुरू होता. वाहतूक, स्थानिक स्वराज्य आणि प्रादेशिक कारभार पाहणारे हे खाते मंत्री स्टीफन बायर्स यांच्याकडे होते. त्यांच्या विशेष सल्लागार जो मूर यांनी दोन वाजून पंचावन्न मिनिटांनी आपल्या संगणकावरून प्रसिद्धीच्या कामातल्या सहकाऱ्यांना ई-मेल पाठवली. तिचा आशय असा होता की, जे काही गाडून टाकायचे आहे ते बाहेर काढायला आजचा दिवस फार चांगला आहे. नगरसेवकांच्या भत्त्यांचे काय? ई-मेल गेली त्यानंतर चारच मिनिटांनी दक्षिणेकडचा मनोरा कोसळला.

महिन्याभराने ही ई-मेल वर्तमानपत्रांत छापून आली आणि ब्रिटनमध्ये संतापाची लाट उसळली. मूर यांना सगळ्यांनी निर्दयी ठरवले आणि त्या रागात गैर काही नव्हते. पण एका व्यक्तीच्या निर्दयतेवर बोट ठेवून हा विषय संपवता येत नाही. नावडती बातमी गर्दीच्या दिवशी सोडून द्यायची, म्हणजे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, ही युक्ती त्यांनी शोधलेली नव्हती. त्या काळच्या सरकारी प्रसिद्धी कामाचा तो रोजचा हिशेब होता. त्या दिवशी तो हिशेब लेखी राहिला आणि उघडा पडला. सरकारच्या तिजोरीतून पगार घेणारी, पण निष्ठेने पक्षाची असणारी माणसे खात्यात येऊन बसली कशी, त्यांच्या हाती किती अधिकार गेला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा ब्रिटनच्या गेल्या अर्धशतकातला बोधप्रद इतिहास आहे. लोकशाही मानणाऱ्या कोणत्याही देशाने तो वाचावा असा आहे.

कायमची माणसे आणि पाहुणी माणसे

ब्रिटनच्या आधुनिक सनदी सेवेचा पाया १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने घातला. नेमणूक वशिल्याने नव्हे, परीक्षेने व्हावी. सरकारे बदलली तरी अधिकाऱ्याने त्याच इमानाने काम करावे, हे तत्त्व तिथून रुजले. यातले चार्ल्स ट्रेव्हेलियन हे भारतात कंपनी सरकारची नोकरी केलेले आणि मेकॉलेचे मेहुणे. त्याच १८५४ साली मेकॉलेच्या समितीने भारतातल्या सनदी जागांसाठी स्पर्धा परीक्षेची शिफारस केली आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये ती परीक्षा सुरूही झाली. आपल्या मंत्रालयातला कायमस्वरूपी सचिव आणि लंडनच्या व्हाइटहॉल या सरकारी कचेऱ्यांच्या भागातला सचिव हे एकाच घराण्यातले आहेत.

या व्यवस्थेत एक अडचण पहिल्यापासून होती. मंत्री हा पक्षाचा नेता असतो. त्याला विधेयकाचा मसुदा लागतो, तसे पक्षाच्या अधिवेशनातले भाषणही लागते. खात्याचा हिशेब समजावून सांगणारा माणूस लागतो, तसा आपल्याच बाजूने विचार करणारा माणूसही लागतो. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी १० डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत शेड उभारून आपल्या खास सल्लागारांना तिथे बसवले आणि लोकांनी त्या वसाहतीला ‘बागेतले उपनगर’ असे नाव ठेवले. १९४५ साली पंतप्रधान ॲटली यांनी फ्रान्सिस विल्यम्स या पत्रकाराला प्रसिद्धी सल्लागार म्हणून घेतले. १९६४ साली हॅरॉल्ड विल्सन सत्तेवर आले तेव्हा त्यांनी थॉमस बालोग आणि निकोलस काल्डोर हे मूळ हंगेरीचे दोन अर्थतज्ज्ञ सरकारात आणले.

तोवर हे सगळे त्या त्या पंतप्रधानाच्या मर्जीवर चालत होते. १९७४ साली विल्सन पुन्हा निवडून आले आणि त्यांनी या प्रकाराला रीतसर रूप दिले. कॅबिनेटमधल्या मंत्र्यांना स्वतःचे राजकीय सल्लागार नेमण्याची मुभा मिळाली. त्यांचा पगार सरकार देणार आणि मंत्री गेला की सल्लागाराची नोकरीही जाणार, अशी अट होती. सुरुवातीला अशी तीसेक माणसे होती. मंत्री बार्बरा कॅसल यांच्याकडे जॅक स्ट्रॉ नावाचा तरुण वकील सल्लागार म्हणून आला. हेच स्ट्रॉ पुढे इराक युद्धाच्या वेळी परराष्ट्रमंत्री होते.

या सोयीत मुळात वाईट काही नव्हते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. सल्लागार असल्यामुळे कायमच्या अधिकाऱ्याला पक्षाची कामे करावी लागत नाहीत. विरोधकांवर टीका करणारे निवेदन कोणी लिहायचे, हा प्रश्न सुटतो आणि सनदी सेवेचे सोवळे टिकते. सल्लागार हा त्या अर्थाने कायमच्या अधिकाऱ्याची ढाल होता.

एका पत्राची गोष्ट

सीमारेषा पुसट झाली तर काय होते याची पहिली मोठी चुणूक १९८६ च्या जानेवारीत मिळाली. तेव्हा मार्गारेट थॅचर यांचे प्रसिद्धी सचिव होते बर्नार्ड इंगम. ते कागदोपत्री सनदी अधिकारी होते. थॅचर यांच्याकडे येण्याआधी मजूर पक्षाच्या मंत्र्यांकडेही त्यांनी निष्ठेने काम केले होते. पण १९७९ पासून अकरा वर्षे एकाच पंतप्रधानाचा आवाज होऊन राहिलेला माणूस तटस्थ किती उरतो, हा प्रश्न त्यांच्याबाबत नेहमी विचारला गेला.

वेस्टलँड ही हेलिकॉप्टर बनवणारी कंपनी डबघाईला आली होती. तिला अमेरिकी कंपनीने सावरावे की युरोपीय कंपन्यांनी, यावर संरक्षणमंत्री मायकेल हेझल्टाइन आणि थॅचर यांचे बिनसले. हेझल्टाइन यांच्या एका पत्रात तपशिलाच्या चुका आहेत, असे सांगणारे गोपनीय पत्र सॉलिसिटर जनरल पॅट्रिक मेह्यू यांनी त्यांना लिहिले. सरकारच्या कायदा अधिकाऱ्याचे मत बाहेर फोडायचे नाही, हा तिथला जुना दंडक. तरीही ६ जानेवारीला व्यापार आणि उद्योग खात्याच्या प्रसिद्धीप्रमुख कोलेट बो यांनी त्या पत्रातली नेमकी अडचणीची वाक्ये प्रेस असोसिएशन या वृत्तसंस्थेला फोनवरून दिली. मंत्री लिऑन ब्रिटन यांची त्याला संमती होती. दुसऱ्या दिवशी ‘सन’ या वृत्तपत्राने हेझल्टाइन यांना पहिल्या पानावर खोटारडे ठरवले.

इथे थोडे थांबून कोलेट बो यांच्या जागेवरून पाहावे. त्या सनदी अधिकारी होत्या, पक्षाच्या कार्यकर्त्या नव्हत्या. मंत्र्याचा होकार आलेला, पंतप्रधानांच्या कार्यालयाशी बोलणे झालेले, हातात पत्र आणि समोर फोन. हा एका मंत्र्याने दुसऱ्याला पाडण्याचा डाव आहे, हे कळण्याइतका त्यांचा अनुभव होता. नाही म्हणावे तर वरिष्ठांचा शब्द मोडतो, हो म्हणावे तर सेवेचा नियम मोडतो. अशा पेचात सापडलेल्या माणसाला ‘नियमात हे बसत नाही’ एवढे म्हणता यावे, इतका भक्कम लेखी आधार व्यवस्थेने द्यायला हवा. तो तेव्हा नव्हता. हेझल्टाइन ९ जानेवारीला मंत्रिमंडळाच्या बैठकीतून उठून गेले आणि ब्रिटन यांना २४ जानेवारीला जावे लागले. संसदीय समितीने संबंधित अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावले, तेव्हा सरकारने त्यांना जाऊ दिले नाही. त्यांच्या वतीने कॅबिनेट सचिव रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांनी उत्तरे दिली. डाव कोणी कोणाच्या सांगण्यावरून टाकला, याबद्दल दोन कार्यालये पुढे कितीतरी वर्षे वेगवेगळे सांगत राहिली.

१९९७ चे फरमान

१ मे १९९७ रोजी टोनी ब्लेअर यांच्या मजूर पक्षाने प्रचंड बहुमत मिळवले. अठरा वर्षे विरोधात काढलेला हा पक्ष वर्तमानपत्रांच्या हल्ल्यांनी पोळलेला होता. बातमीचा जाब दिवसभरात द्यायचा, उद्याची बातमी आज ठरवायची, सगळ्यांनी एकच वाक्य बोलायचे, ही शिस्त त्यांनी प्रचारात बाणवली होती आणि त्याच शिस्तीने ते सत्तेवर आले. तिचा कर्ताधर्ता होता ॲलस्टर कॅम्बेल. पूर्वी ‘डेली मिरर’चा राजकीय संपादक असलेला हा माणूस १९९४ पासून ब्लेअर यांच्यासोबत होता.

सत्तेवर येताच सरकारने राणीच्या नावाने एक विशेष आदेश काढला. त्याने पंतप्रधान कार्यालयातल्या जास्तीत जास्त तीन राजकीय सल्लागारांना सनदी अधिकाऱ्यांना हुकूम देण्याचा अधिकार मिळाला. प्रत्यक्षात तो दोघांना दिला गेला: कॅम्बेल आणि कार्यालयप्रमुख जोनाथन पॉवेल. शब्दांत पाहिले तर ही किरकोळ दुरुस्ती वाटते, पण १८५४ पासूनचे गणित तिने उलटे केले. तोवर सल्लागार सल्ला द्यायचा आणि हुकूम मंत्री किंवा सचिव द्यायचा. आता पक्षाचा माणूस कायमच्या अधिकाऱ्याचा साहेब झाला.

बाकीचे बदल त्यापाठोपाठ आले. मंत्र्यांसाठीच्या आचारसंहितेत असे कलम आले की महत्त्वाची प्रत्येक मुलाखत आधी पंतप्रधानांच्या प्रसिद्धी कार्यालयाला विचारून द्यायची. कोणत्या खात्याने कोणती घोषणा कोणत्या दिवशी करायची, याचा आठवड्याचा तक्ता तिथे तयार होऊ लागला. ‘ग्रिड’ या नावाने तो प्रसिद्ध झाला. विशेष सल्लागारांची संख्या आधीचे पंतप्रधान मेजर यांच्या काळी चाळीसच्या आत होती, ती सत्तरच्या पुढे गेली. खात्यांमधले जुने प्रसिद्धीप्रमुख एकामागून एक निघाले किंवा हलवले गेले आणि दोन वर्षांत बहुतेक खुर्च्यांवर नवी माणसे आली.

सल्लागाराचे वजन किती वाढले होते हे अर्थखात्याच्या एका प्रसंगातून दिसते. १९९७ च्या ऑक्टोबरात अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांचे प्रसिद्धी सल्लागार चार्ली व्हेलन व्हाइटहॉलजवळच्या ‘रेड लायन’ या पबबाहेर उभे राहून मोबाइलवर पत्रकारांशी बोलत होते. या संसदेच्या मुदतीत ब्रिटन युरो चलनात जाणार नाही, असे ते ठासून सांगत होते आणि ते बोलणे आजूबाजूच्यांनी ऐकले. देशाचे चलन कोणते असावे, हा त्या पिढीतला सर्वांत मोठा प्रश्न. त्यावर संसदेत निवेदन व्हायच्या आधी रस्त्यावरच्या फोनवर निकाल लागत होता, आणि तो सांगणाऱ्याला कोणी निवडून दिलेले नव्हते.

एका खात्याचा हिवाळा

अशा वातावरणात २००१ ची ती ई-मेल लिहिली गेली. ती बाहेर आल्यावर बायर्स यांनी मूर यांना काढले नाही. मूर यांनी जाहीर माफी मागितली आणि त्या कामावर राहिल्या. खाते त्याच वेळी रेल्वेच्या प्रश्नाने घेरलेले होते. रूळ आणि स्थानके सांभाळणारी ‘रेलट्रॅक’ ही खासगी कंपनी ७ ऑक्टोबर २००१ रोजी सरकारने प्रशासकाच्या हाती दिली आणि तिचे भागधारक चवताळले होते.

वर्ष संपता संपता मार्टिन सिक्सस्मिथ हे प्रसिद्धीप्रमुख म्हणून रुजू झाले. मॉस्को आणि वॉशिंग्टनहून बीबीसीसाठी बातम्या दिलेला हा अनुभवी पत्रकार आता सनदी चौकटीत होता. एका दालनात मंत्र्याची सल्लागार, दुसऱ्यात खात्याचा प्रसिद्धीप्रमुख. शब्द कोणाचा चालणार हे ठरलेले नाही. २००२ च्या फेब्रुवारीत ठिणगी पडली. १५ तारखेला, शुक्रवारी, राजकन्या मार्गारेट यांचा अंत्यविधी होता. त्या दिवशी रेल्वेची नकोशी आकडेवारी प्रसिद्ध करायचा मूर यांचा बेत होता आणि सिक्सस्मिथ यांनी त्याला खडसावून विरोध केला, अशी बातमी आली. मूर यांनी आरोप नाकारला. छापलेला मजकूर बनावट असल्याचे खात्याने आधी सांगितले. मग त्या विषयावर सिक्सस्मिथ यांची एक ई-मेल खरोखरच होती, पण शब्द तंतोतंत तेच नव्हते, हे बाहेर आले.

त्याच शुक्रवारी खात्याने जाहीर केले की दोघांनीही राजीनामा दिला आहे. आपण राजीनामा दिलेलाच नाही, असे सिक्सस्मिथ सांगू लागले. पुढचे तीन महिने एका खात्याचा मंत्री, सचिव आणि प्रसिद्धीप्रमुख एकमेकांच्या विरोधात निवेदने देत राहिले. शेवटी मे महिन्यात, सिक्सस्मिथ यांनी त्या दिवशी राजीनामा दिला नव्हता, हे खात्याला कबूल करावे लागले. २८ मे रोजी बायर्स पायउतार झाले आणि ते अवाढव्य खातेही मोडून विभागण्यात आले. संसदेच्या लोकप्रशासन समितीने जुलैमध्ये या प्रकरणाचा अहवाल दिला. कोणाच्या हाताखाली कोण आणि कोणाला जबाबदार कोण, हे धड ठरलेले नसेल तर चांगली माणसेही एकमेकांना खड्ड्यात घालतात, हाच त्यातून घ्यायचा धडा होता.

स्वल्पविरामासकट नक्कल

इथवर गेल्या होत्या त्या खुर्च्या. पुढच्या वर्षी पणाला लागले ते युद्ध.

सप्टेंबर २००२ मध्ये सरकारने इराकच्या शस्त्रांबद्दल पुस्तिका प्रसिद्ध केली. हुकूम मिळाल्यापासून पंचेचाळीस मिनिटांत संहारक शस्त्रे सज्ज करता येतील, असा दावा तिच्यात होता. मजकूर गुप्तचर समितीचे अध्यक्ष जॉन स्कारलेट यांच्या नावावर होता, पण मसुद्यांवर कॅम्बेल यांनी सूचना पाठवल्या होत्या. फेब्रुवारी २००३ मध्ये दुसरी पुस्तिका आली. ती कॅम्बेल यांच्या हाताखालच्या प्रसिद्धी चमूने तयार केली होती. ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत तिची स्तुती केली. दुसऱ्याच दिवशी केंब्रिजचे अध्यापक ग्लेन रंगवाला यांचे म्हणणे देशभर गाजले: तिचा मोठा भाग इब्राहिम अल-मराशी या संशोधकाच्या प्रसिद्ध लेखातून उचललेला होता. नक्कल इतकी सरळ होती की मूळ लेखातला चुकीच्या जागी पडलेला स्वल्पविरामही जसाच्या तसा आला होता. बदल केला होता तो ठरावीक ठिकाणी. इराकी गुप्तहेर शत्रुराष्ट्रांतल्या विरोधी गटांना मदत करतात, असे मूळ लेखात होते. सरकारी पुस्तिकेत विरोधी गटांच्या जागी दहशतवादी संघटना आल्या.

या एका शब्दबदलात सगळा धोका सामावला आहे. प्रसिद्धीचे काम करणाऱ्याचा हात शब्दाला धार लावण्यासाठी सरावलेला असतो. प्रचाराच्या पत्रकात ती धार शोभते. पण गुप्तचरांच्या माहितीवर, युद्धाचा कौल मागणाऱ्या कागदावर तोच हात फिरला की सत्य किती आणि धार किती, हे वाचणाऱ्याला कळेनासे होते.

२० मार्चला युद्ध सुरू झाले. २९ मेच्या सकाळी बीबीसी रेडिओवर अँड्र्यू गिलिगन यांनी सांगितले की सप्टेंबरची पुस्तिका सरकारने भडक करून घेतली. कॅम्बेल आणि बीबीसी यांच्यात जाहीर युद्ध पेटले. गिलिगन यांच्याशी बोललेले अधिकारी होते डॉ. डेव्हिड केली. इराकमध्ये शस्त्रतपासनीस म्हणून काम केलेले हे नावाजलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. आपण पत्रकाराला भेटल्याचे त्यांनी वरिष्ठांना स्वतःहून कळवले. मग संरक्षण खात्याच्या प्रसिद्धी कार्यालयाने ठरवलेली पद्धत अशी होती: नाव आपण सांगायचे नाही, पण एखाद्या पत्रकाराने बरोबर नाव घेतले तर हो म्हणायचे. एका वृत्तपत्राच्या प्रतिनिधीने एकामागून एक वीसेक नावे घेतली आणि अखेर ‘केली’ या नावाला होकार मिळाला. १५ जुलैला केली संसदीय समितीपुढे, कॅमेऱ्यांसमोर बसले. त्यांचा आवाज इतका हळू होता की त्यांना मोठ्याने बोलायला सांगावे लागले. १७ जुलैच्या दुपारी ते घराबाहेर पडले आणि दुसऱ्या सकाळी ऑक्सफर्डशायरच्या रानात त्यांचा मृतदेह सापडला. लॉर्ड हटन यांच्या चौकशीने ही आत्महत्या असल्याचा निष्कर्ष काढला.

आयुष्यभर देशाची चाकरी केलेल्या एका शास्त्रज्ञाचे नाव ओळखाओळखीच्या खेळात उघड व्हावे, ही गोष्ट आजही मनाला डाचते. नाव लपवायचे होते तर नीट लपवायला हवे होते आणि सांगायचे होते तर त्यांना पूर्वकल्पना देऊन सरळ सांगायला हवे होते.

२९ ऑगस्टला कॅम्बेल यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. २८ जानेवारी २००४ च्या हटन अहवालाने सरकारला जवळपास निर्दोष ठरवले आणि बीबीसीवर ठपका ठेवला. तिचे अध्यक्ष, महासंचालक आणि गिलिगन, तिघेही गेले. पण सहा महिन्यांनी लॉर्ड बटलर यांच्या समितीने सांगितले की पंचेचाळीस मिनिटांचा दावा ज्या रूपात छापला त्या रूपात छापायला नको होता आणि माहितीबद्दलच्या सावधगिरीच्या सूचना पुस्तिकेत उतरल्या नव्हत्या. इराकमध्ये संहारक शस्त्रांचे साठे सापडले नाहीत.

रेघ पुन्हा ओढली

दुरुस्ती हळूहळू झाली. सर नायजेल विक्स यांच्या समितीने एप्रिल २००३ मध्ये सल्लागार आणि सनदी अधिकारी यांच्यातली सीमा कायद्याने आखा, असे सांगितले. जानेवारी २००४ मध्ये बॉब फिलिस यांच्या समितीने सरकार, माध्यमे आणि जनता यांच्यातला विश्वास तुटल्याचे निदान केले आणि १९९७ चा आदेश मागे घ्यायला सांगितले. २७ जून २००७ रोजी गॉर्डन ब्राउन पंतप्रधान झाले आणि पहिल्याच दिवशी तो आदेश रद्द झाला. २०१० च्या घटनात्मक सुधारणा आणि प्रशासन कायद्याने सनदी सेवेची तत्त्वे प्रथमच संसदेच्या कायद्यात आली. सल्लागारांसाठी आचारसंहिता सक्तीची झाली, कायमच्या अधिकाऱ्यांवर हुकूम चालवायला त्यांना बंदी झाली आणि त्यांची संख्या व खर्च दरवर्षी संसदेपुढे मांडणे बंधनकारक झाले.

कायद्याने माणसे बदलत नाहीत. ब्राउन यांचेच सल्लागार डेमियन मॅकब्राइड यांना विरोधकांच्या बदनामीचा बेत आखणाऱ्या ई-मेलमुळे २००९ मध्ये जावे लागले होते. कायद्यानंतरही सल्लागारांची संख्या वाढतच राहिली. २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत केलेल्या प्रवासाचा खुलासा द्यायला डॉमिनिक कमिंग्ज हे सल्लागार पंतप्रधानांच्या निवासस्थानाच्या बागेत स्वतः पत्रकार परिषद घेऊन बसले. तरीही २०१० नंतर एक फरक पडला. नाही म्हणणाऱ्या अधिकाऱ्याच्या पाठीशी आता संसदेचा कायदा आहे. १९८६ मध्ये कोलेट बो यांच्यापाशी तो नव्हता.

आपल्याकडे याच घराण्यातली व्यवस्था आहे. मंत्र्यांच्या दालनात खासगी सचिव असतात, विशेष कार्य अधिकारी असतात. प्रसिद्धीसाठी दिल्लीत पत्र सूचना कार्यालय आहे, महाराष्ट्रात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आणि जिल्ह्याजिल्ह्यांत माहिती अधिकारी आहेत. या शासकीय यंत्रणेचा पगार प्रत्येक करदाता देतो, सत्ताधारी पक्षाला मत न दिलेलासुद्धा. म्हणून तिच्याकडून त्याला खरी माहिती मिळाली पाहिजे, वेळेवर मिळाली पाहिजे आणि नावडती असली तरी मिळाली पाहिजे. मंत्र्याने आपल्या विश्वासाची माणसे खुशाल जवळ ठेवावीत. मात्र ती किती आहेत, त्यांना पगार किती, त्यांनी काय करायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे जनतेला वाचता येईल अशा कागदावर लिहिलेले असावे. पक्षाचा प्रचार पक्षाच्या खर्चाने व्हावा. सरकारची माहिती ही जनतेची मालमत्ता आहे आणि तिच्यातला एकही शब्द कोणाच्या सोयीसाठी बदलण्याचा अधिकार कोणत्याही सल्लागाराला नाही. ब्रिटनने हे फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले. आपण ते वाचून शिकायला हरकत नाही.